रेघेबाहेर

माझा धाकटा भाऊ लोकांना चालायला शिकवतो. हे मी ज्याला सांगते तो आधी माझ्या तोंडाकडे बघतो आणि मग विचारतो, "म्हणजे अपघातातून उठलेल्यांना का?" मी नर्स होते, हाडांच्या वॉर्डात जन्म गेला, त्यामुळे प्रश्न तसा रास्त आहे. पण नाही, धडधाकट माणसांना शिकवतो. चालण्याची शर्यत असते आणि तो त्या शर्यतीचा कोच आहे. सगळे त्याला मास्तर म्हणतात. मी म्हणत नाही. मी त्याचं नाक पुसलेलं आहे.

ही शर्यत बघितली नसेल तर थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. नियम दोनच. पुढे टाकलेला पाय जमिनीला टेकला की गुडघ्यात वाकता कामा नये, आणि दोन्ही पाय एका वेळी हवेत जाता कामा नयेत. एक ना एक पाय जमिनीवर हवाच. हे पाळून जोरात चालायचं म्हणजे कंबर अशी काही हलते की पहिल्यांदा बघणारा फिदीफिदी हसतो. मीही हसले होते. मग भावाने माझ्या हातात घड्याळ दिलं आणि म्हणाला, "लाव." मी लावलं. हसणाऱ्यांपैकी बहुतेकांना ती वेळ पळूनसुद्धा गाठता आली नसती, मला तर रिक्षा करूनही शंकाच होती.

दोन्ही पाय हवेत गेले की त्याला आम्ही सुटणं म्हणतो. शर्यतीत जागोजागी पंच उभे असतात. ते नुसत्या डोळ्यांनी बघतात, आणि सुटलेला दिसला की लाल कार्ड लिहून पाठवतात. तीन पंचांची तीन लाल कार्डं झाली की माणूस शर्यतीबाहेर, मग तो सगळ्यांच्या पुढे का असेना. यातली मेख त्या 'नुसत्या डोळ्यांनी' मध्ये आहे. डोळ्यांना दिसण्याइतका सुटला तर सुटला. त्याहून कमी सुटला तर त्याचा तो आणि त्याचा देव. त्यामुळे बरेचसे कोच चालायला शिकवतात आणि सोबत न दिसता सुटायलाही शिकवतात. पंच दिसला की खांदे सैल सोड, चेहरा शांत ठेव, पुढच्या वळणावर मग हाण.

माझ्या भावाला हे जमत नाही. खरं सांगायचं तर तोही एकदा सुटला होता, आणि तिथूनच सगळं रामायण सुरू झालं. तरुणपणी एका मोठ्या शर्यतीत तो पहिला होता आणि शेवटच्या फेरीत तीन कार्डं मिळून बाहेर गेला. घरी आला आणि पंचांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. नुसता त्या दिवशी नाही, पुढे कित्येक वर्षं. जेवताना, दाढी करताना, पाहुण्यांसमोर. आंधळे होते, विकले गेले होते, त्यांना माझी चाल सहन झाली नाही. मग एकदा कोणीतरी त्या शर्यतीची फिल्म दाखवली. हा बघतो तर काय, चांगले दोन्ही पाय हवेत. एकदा नाही, पावलोपावली. घरी आला आणि स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. म्हणाला, "ताई, मला कळलंच नाही गं. मी शपथेवर सांगितलं असतं." त्यानंतर पंचांबद्दल तो वाईट शब्द बोलला नाही. पण आपल्याच पायांनी आपल्याला फसवलं ही गोष्ट त्याच्या डोक्यातून गेली नाही.

म्हणून त्याच्या मैदानावर एक रीत आहे. बंद पडलेल्या शाळेमागचं मैदान ते, पाण्याच्या टाकीला लागून. सकाळी जो पहिला येतो त्याने चुन्याची फक्की टाकून कडेची पांढरी रेघ मारायची. चालताना ज्याचा पाय सुटेल त्याने स्वतःच हात वर करायचा, रेघेबाहेर जायचं, दोन्ही टाचा टेकून उभं राहायचं. मागचा माणूस पुढे जाऊ द्यायचा आणि त्याच्या मागून पुन्हा आत यायचं. बस. दंड नाही, बोलणं नाही. मास्तर मधोमध उभा असतो आणि त्याला कोणी सुटलेलं दिसलं तरी तो तोंड उघडत नाही. तो दिवसभर एकच शब्द ओरडतो, "गुडघा!" गुडघ्याचं तो सांगणार, सुटल्याचं तुमचं तुम्ही. आणि बाहेर उभ्या असलेल्याकडे शेजारून जाताना कोणी बघायचं नाही. हे कधी कोणी ठरवलं नाही, तशी रीत आपोआप पडली.

नवीन माणसाला वाटतं, हा प्रामाणिकपणाचा धडा आहे. तसं कोणी म्हटलं की भाऊ चिडतो. "प्रामाणिकपणा-बिमाणिकपणा तुमच्या घरी. पायाला कळलं पाहिजे, एवढंच. ज्याला कळत नाही तो सुधारणार कसा?" एक वकीलसाहेब यायचे, पोट उतरवायला. त्यांचा हात कधी म्हणून वर गेला नाही. सशासारखे टुणटुण चालायचे. बाकीचे कुरकुरले तर भाऊ म्हणाला, "त्यांना कळत नाही की कळून सांगत नाहीत, हे मला काय माहीत?" शेवटी वकीलसाहेबांनीच विचारलं, "मास्तर, माझी प्रगती कशी काय?" हा म्हणाला, "तुम्हीच सांगा." साहेब दुसऱ्या दिवसापासून टेनिसला जायला लागले.

मी निवृत्त झाले तेव्हापासून सकाळी तिथेच असते. पत्र्याच्या खोलीपुढे खुर्ची टाकून बसते, घड्याळ माझ्याकडे, चहाचा थर्मास माझ्याकडे. घरी भिंतींशी भांडण्यापेक्षा बरं.

आता कात्रीबद्दल. भाऊ एकदा जोडे घ्यायला गेला आणि जोडे न घेता मुलगी घेऊन आला. ती त्या दुकानात कामाला. दिवसभर गुडघ्यावर बसून लोकांच्या पायांत जोडे घालायचे, काढायचे, पुन्हा घालायचे. माळ्यावरून हनुवटीपर्यंत खोक्यांची चळत घेऊन ती झपझप येत होती आणि वरचं खोकं तसूभर हलत नव्हतं. हा बघतच राहिला. नशीब माझं, तिने पोलीस नाही बोलावले. "सकाळी येशील का?" म्हणे. ती म्हणाली, "कशाला?" हा म्हणाला, "चालायला." ती म्हणाली, "मला येतं." पण आली.

पाय असे सरळ पडायचे की तिचं नाव कात्रीच पडलं. तिचे वडील बसच्या डेपोत मेकॅनिक. त्यांचं म्हणणं, "चालायला शिकतेय म्हणे. मी हिला पहिल्या वाढदिवसाच्या आत शिकवलं होतं." पण रोज सकाळी स्कूटरवरून सोडायला तेच यायचे, आणि मला म्हणायचे, "लवकर सोडा हो, दुकान उघडायचं असतं." मैदानाकडे ढुंकून बघायचे नाहीत.

सुरुवातीचे महिने कात्री रेघेच्या आत कमी आणि बाहेर जास्त. चालली की सुटायची, सुटली की हात वर. मला तर दया यायची. दुसरी एखादी रडून गेली असती. ही बाहेर उभी राहायची, खाली बघायची, आपल्याच पायांचं काहीतरी ऐकत असल्यासारखी, आणि पुन्हा आत. हळूहळू हात कमी वर जायला लागला. मग महिनोन्महिने गेलाच नाही. तोवर तिची वेळ एवढी उतरली होती की एकदा मी घड्याळ कानाला लावून बघितलं, चालतंय ना म्हणून. भाऊ त्या दिवशी घरी येऊन दोनदा चहा प्याला आणि दोन्ही वेळा साखर विसरला.

मग निवड शर्यत जाहीर झाली. पहिल्या दोघींना राष्ट्रीय केंद्रात घेणार होते. तिथे राहायचं, तिथेच खायचं, आणि दुसरं काही न करता नुसतं चालायचं. डॉक्टर, मालिश करणारे, खरा ट्रॅक, परदेशातल्या शर्यती. वयाची अट होती आणि कात्रीचं हे शेवटचं वर्ष. यंदा नाही तर कधीच नाही. ती दुकानात मालकाला म्हणाली की कदाचित मी सोडेन, तेव्हा मालक म्हणाला, "आधी निवड तर होऊ दे." तिने हे मला सांगितलं आणि म्हणाली, "ताई, मला ना आता कोणाच्या पायाशी बसायचं नाही." एवढं उघड ती पहिल्यांदाच बोलली. मला गलबलून आलं, म्हणून मी तिला बुटाची नाडी नीट बांध म्हणून ओरडले.

शर्यत दुसऱ्या शहरात, एका बागेभोवतीच्या रस्त्यावर. वडीलही आले होते. हाताची घडी घालून कठड्याशी उभे, बसचं इंजिन तपासायला आल्यासारखे. सुरुवातीला एक जण जी पुढे गेली ती गेलीच, तिच्याशी कोणाचं काही घेणंदेणं नव्हतं. दुसरी कात्री. तिसरी एका मोठ्या क्लबमधली उंच मुलगी. तिचा कोच कडेने पळत होता आणि पंच जवळ आला की "चेहरा! चेहरा!" म्हणून ओरडत होता. कार्डांच्या फळ्यावर उंच मुलीच्या नावापुढे दोन लाल खुणा. कात्रीपुढे काही नाही, जागा कोरी.

शेवटची फेरी. भाऊ आणि मी शेवटच्या वळणावर उभे. समोरच मुख्य पंचबाई खुर्ची बाजूला सारून ओणव्या होऊन बघत होत्या. कात्री आली. मागे उंच मुलगी होती, पण बऱ्या अंतरावर, आणि हिची चाल अशी काही लागली होती की मी घड्याळाकडे बघायचं सोडून दिलं. आपण जिंकलो असं माझ्या मनाने केव्हाच ठरवलं होतं.

आणि कात्रीचा हात वर गेला.

मला आधी वाटलं, पाणी मागतेय. पंचबाईंनाही तसंच वाटलं असावं, त्यांनी पाण्याच्या टेबलाकडे बघितलं. माझा भाऊ मात्र काय ते समजला. तो अगदी हळू म्हणाला, "नको." ओरडला नाही, स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. कात्री रस्त्याच्या कडेला गेली, पांढऱ्या पट्ट्याच्या बाहेर, दोन्ही टाचा टेकल्या आणि खाली बघत उभी राहिली. तिला बघून लोक ओरडत होते, चल, चल, काय झालं, चल. उंच मुलगी आली. जाताना तिने वळून कात्रीकडे असं बघितलं, जणू हिला वेड लागलंय. ती पुढे गेली आणि मग कात्री तिच्या मागून आत आली. उरलेल्या अंतरात तिने जिवाचं रान केलं. चार पावलं कमी पडली. पोरगी तिसरी आली.

वडील कठड्याशी तसेच उभे होते. त्यांनी मला विचारलं, "हात का वर केला हो तिने?" मी म्हटलं, "तिचा पाय सुटला." ते म्हणाले, "पंच बोलले का?" मी नाही म्हटलं. त्यांनी हाताची घडी सोडली. मग म्हणाले, "मग?"

निवड समितीची खोली म्हणजे बागेचं ऑफिस. एक टेबल, भिंतीला टेकून ठेवलेले खराटे, कोपऱ्यात झारी. अध्यक्ष टक्कल पडलेले, घामाघूम, पण माणूस भला. त्यांनी भावाला बोलावून घेतलं आणि मी न बोलावता गेले. पंचबाई तिथेच सह्या करत बसल्या होत्या. अध्यक्ष म्हणाले, "मास्तर, पोरगी चांगली आहे हो. आम्हाला ती हवीच आहे. नियम असा आहे की दुखापतीमुळे मागे पडलेल्या एकीला समिती आपल्या अधिकारात घेऊ शकते. ती थांबली, म्हणजे काहीतरी झालंच असणार. पायात गोळा-बिळा आला का?"

दार उघडं करून दिलं होतं माणसाने. आत पाऊल टाकायचं एवढंच बाकी होतं.

माझा भाऊ म्हणाला, "हो. पोटरीत गोळा आला."

मी त्याला लहानपणापासून ओळखते. त्याला खोटं बोलता येत नाही असं नाही, सगळ्यांना येतं. पण खोटं बोलताना त्याचे कान लाल होतात, आणि ते झाले. अध्यक्षांनी कान बघितले नाहीत. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, तुम्ही नर्स होता ना? तुम्ही बघितलंत ना तिला?" माझं तोंड उघडलं होतं. त्यातून काय बाहेर पडलं असतं ते मी आजही छातीवर हात ठेवून सांगत नाही. त्या पोरीचं गुडघ्यावर बसणं माझ्या डोळ्यांसमोर होतं.

"गोळा नव्हता आला," दारातून आवाज आला. कात्री उभी होती, जोडे हातात, पायात नुसते मोजे. तिला कोणीतरी सही करायला पाठवलं होतं.

अध्यक्ष म्हणाले, "मग थांबलीस का?"

"पाय सुटला होता."

पंचबाईंनी पेन खाली ठेवलं. "मी तुझ्यासमोरच होते. मला सुटलेला दिसला नाही. मी कार्ड दिलं नसतं."

"तुम्हाला नसेल दिसला," कात्री म्हणाली. आवाजात उर्मटपणा नव्हता, बुटाचा नंबर सांगावा तसं सांगितलं. "मला कळलं."

अध्यक्ष आळीपाळीने तिच्याकडे आणि भावाकडे बघत राहिले. "पण मास्तर, तुम्ही तर आत्ता..." एवढं बोलून ते थांबले. सभ्य माणूस. भाऊ कोपऱ्यातल्या झारीकडे बघत होता. मग अध्यक्षांनी रुमालाने टक्कल पुसलं आणि म्हणाले, "ठीक आहे. मग माझ्या हातात काही राहिलं नाही." आणि खरंच काही राहिलं नव्हतं. तिने सही केली, तिसरा नंबर म्हणून.

परतीच्या बसमध्ये वडील पुढे ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले. आम्ही तिघं मागे. बस शहराबाहेर पडली. मग भावाचा बांध फुटला. "हात वर कशाला केलास? ती शर्यत होती, सराव नाही. पंच कशाला उभे केलेले असतात? ते सरावातलं सरावात. शर्यतीत पाऊल सुधारायचं आणि पुढे जायचं. एवढं कळू नये?" तो आवाज चढवून बोलत होता आणि तो तिच्यावर चिडलेलाच नव्हता, हे मला दिसत होतं.

कात्री म्हणाली, "आधी सवयीनेच गेला वर, मास्तर. मग खाली आणता आला असता."

"मग आणायचा ना."

"मला माहीत होतं ना पण." थोड्या वेळाने ती म्हणाली, "दुकानातून मी सुट्टी परवापर्यंत घेतलीय. उद्या सरावाला आले तर चालेल ना?"

भाऊ खिडकीबाहेर बघायला लागला. त्या खोलीत तो काय बोलला याबद्दल तिने एक शब्द काढला नाही. शिव्या घातल्या असत्या तर त्याला सोपं गेलं असतं.

घरी आल्यावर त्याने जेवायला नको म्हटलं. मी म्हटलं, "अन्नावर राग काढू नकोस, त्याने कोणाला फसवलेलं नाही." त्याने ताट पुढे ओढलं आणि नुसता बसून राहिला. म्हणाला, "तिच्यासाठी बोललो मी."

"तिच्यासाठी नाही. तुझ्यासाठी बोललास. तू शिकवलेला हात तिला नडला, ते तुला बघवेना."

"तुला बघवलं?"

"नाही. म्हणून तर मला कळतंय."

तो म्हणाला, "उद्यापासून ती रीत बंद. हात नाही, रेघ नाही. सगळे शिकवतात तसं शिकवतो मी. पोरं निदान पुढे तरी जातील."

"खुशाल बंद कर," मी म्हटलं. "फक्त मला एक सांग, आज त्या खोलीत तू सुटलास, ते तुला कधी कळलं? बोलताना, की ती दारात दिसल्यावर?"

तो खाली मान घालून जेवला. ताट स्वतः घासून ठेवलं, म्हणजे गोष्ट गंभीर होती.

सकाळी मी मैदानावर पोचले तर रेघ मारलेली होती. हाताला फक्की लागलेला भाऊ खोलीपुढे उभा. जुने चालायचे जोडे त्याने कुठून काढले होते कोण जाणे. त्याचा उजवा गुडघा कधीच गेलाय, मीच त्याला सांगितलंय की जिना चढलास तरी मला विचारून चढ. कित्येक वर्षांत तो रेघेच्या आत चाललेला नाही, मधोमध उभा राहतो फक्त. त्याने शिट्टी गळ्यातून काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

"हे काय नाटक?" मी विचारलं.

"चालतो जरा," तो म्हणाला.

बाकीची मंडळी सुरू झाली होती. कालचं सगळ्यांना कळलं होतं, असल्या बातम्यांना पाय फुटतात आणि ते सुटलेले असतात. कोणी काही विचारलं नाही. तेवढ्यात स्कूटर आली. कात्रीच्या वडिलांनी आज गाडी स्टँडवर लावली, ती कधी लावत नाहीत. माझ्याजवळ येऊन उभे राहिले. म्हणाले, "म्हटलं हिला, झालं ना आता, झोप की जरा. ऐकते का." मी त्यांना थर्मासच्या झाकणात चहा दिला. आणि त्या माणसाने पहिल्यांदा मैदानाकडे तोंड केलं.

भाऊ सगळ्यांच्या मागे चालत होता. चालत होता कसला, ओढत होता. दर पावलाला उजवा गुडघा वाकत होता आणि त्याला ते कळत होतं. कात्रीने नाड्या बांधल्या आणि मागून आत शिरली. आता त्याच्या मागे ती एकटीच होती, आणि ती भराभर जवळ येत होती. खोलीसमोर, अगदी माझ्या खुर्चीसमोर, जिथून सगळ्या मैदानाला दिसतं तिथे, माझ्या भावाने हात वर केला.

सगळा हात, कानाला चिकटवून, शाळेतल्या मुलासारखा. रेघेबाहेर आला. दोन्ही टाचा टेकल्या आणि खाली बघत उभा राहिला.

मी हाडांच्या वॉर्डात आयुष्य काढलंय. त्या गुडघ्याने त्याचे दोन्ही पाय एकदम हवेत जाणं शक्यच नव्हतं, त्याने मनात आणलं असतं तरी. हे मला माहीत होतं, त्याला माहीत होतं आणि मैदानावरच्या प्रत्येकाला माहीत होतं. पलीकडच्या बाजूचे दोघंतिघं जरा मंदावले, पण थांबले नाहीत. कोणी बघितलं नाही. रीत आहे ती. मी बघितलं, पण मी खुर्चीवर बसते, मला रीत लागू नाही.

कात्री आली. तिनेही बघितलं नाही. मान सरळ, खांदे सरळ, तशीच त्याच्या समोरून गेली. मग माझा भाऊ तिच्या मागून आत आला.

शेजारी वडील हातात झाकण धरून उभे होते, चहा निवला होता. ते म्हणाले, "त्यांचा पण सुटला का?"

"हो," मी म्हटलं. "काल सुटला होता."

त्यांनी मान डोलावली. मला वाटतं, त्यांचं कालचं 'मग?' तिथे मिटलं.

कात्रीचा वेग म्हणजे काय सांगावं, त्याची अर्धी फेरी होते न होते तोच तिची दीड फेरी झाली आणि ती पुन्हा त्याच्या मागे येऊन पोचली. आता तो रेघेच्या आत होता, चालणाऱ्यांतला एक. त्याला ओलांडताना तिने त्याच्याकडे न बघताच एक शब्द टाकला, त्याच्याच सुरात, मधोमध उभं राहून तो ओरडतो तसा.

"गुडघा."

माझ्या भावाने गुडघा सरळ केला. होत होता तेवढा केला आणि तिच्या मागे चालत राहिला. मी घड्याळ हातात धरून बसले होते, पण ते लावायचं माझ्या लक्षातच राहिलं नाही.